पॅनेलच्या खोलीचे जोते

इंग्लंडमधील घरांच्या मागच्या बागेत अवजारे, सायकली आणि कुंड्या ठेवण्यासाठी लाकडी खोपटे बांधण्याची रीत जुनीच आहे. परंतु गेल्या काही दशकांत, आणि मार्च २०२० मधील पहिल्या टाळेबंदीनंतर घरून काम करणे रूढ झाल्यावर विशेष वेगाने, या खोपट्याच्या जागी बारा महिने बसता येईल अशी, वीज आणि ऊब असलेली खोली उभी राहू लागली. तिला तेथे ‘गार्डन रूम’ म्हणतात. या खोल्यांपैकी बऱ्याच कारखान्यात तयार झालेल्या उष्णतारोधक पॅनेलांच्या असतात. भिंती दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात, छत चढते, मोठ्या काचेचे दार बसते, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात छायाचित्र येते ते या भागांचे. खोली ज्यावर उभी राहते तो पाया आणि पायाखाली येते ती जमीन छायाचित्रात दिसत नाही. तरीही अशी खोली दहा वर्षांनी कोरडी राहील की कुजेल, तिचे दार सहज लागेल की अडेल, जानेवारीत तिच्यात बसवेल की नाही, याचा निर्णय बहुतांशी त्या न दिसणाऱ्या भागात होतो.

या पॅनेलची रचना समजली म्हणजे त्याच्या पायाकडून असलेल्या अपेक्षाही समजतात. लाकडाच्या लांबट, चपट्या कपच्या राळेत भिजवून, एका थरात उभ्या तर दुसऱ्यात आडव्या अशा रचून, उष्णता आणि दाब देऊन जो तक्ता बनवतात त्याला ओएसबी म्हणतात; ११ किंवा १५ मिलीमीटर जाडीचे असे दोन तक्ते आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेला कठीण फोम असे या पॅनेलचे स्वरूप असते. फोम थर्माकोलच्या जातीचा, म्हणजे पॉलिस्टायरीनचा असतो किंवा पॉलियुरेथेनच्या कुळातला. लोखंडी आय-आकाराच्या तुळईत वरच्या आणि खालच्या पट्ट्या ताण व दाब घेतात आणि मधला उभा पत्रा त्यांना एकमेकींपासून दूर धरतो, तेच काम येथे अनुक्रमे तक्ते आणि फोम करतात. म्हणूनच मध्ये लाकडी खांब फारसे नसतानाही ही भिंत छताचा भार पेलते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे असलेल्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात तक्त्यांवर ताण घेणाऱ्या भिंतींचे प्रयोग झाले, आणि फ्रँक लॉइड राइट यांचे शिष्य आल्डन डाऊ यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी मिशिगनमधील मिडलंड येथे फोमचा गाभा असलेल्या पॅनेलांची घरे बांधली.

या रचनेचे दोन स्वभावदोष मात्र लक्षात ठेवावे लागतात. पहिला असा की, तक्त्याचा सपाट पृष्ठभाग थोडेफार पाणी सोसतो, पण त्याची कापलेली कड पाणी शोषते, फुगते आणि एकदा फुगली की पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. आणि भिंतीच्या पॅनेलची खालची कड नेमकी पायावर टेकलेली असते. दुसरा असा की, कारखान्यात मिलीमीटरच्या हिशेबाने कापलेल्या पॅनेलला वाकडा पाया सांभाळून घेता येत नाही. वीटकाम करणारा गवंडी चढउतार सांध्यातल्या मसाल्यात जिरवतो. पॅनेल बसवणाऱ्याजवळ असा मसाला नसतो.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण या विषयात कायद्याचा थेट संबंध जाडीशी येतो. इंग्लंडमधील २०१५च्या नियोजन आदेशानुसार घराच्या आवारातील अशा बांधकामाला काही अटींवर स्वतंत्र परवानगी लागत नाही, आणि त्यांतली सर्वांत जाचक अट उंचीची आहे: खोली कुंपणापासून २ मीटरच्या आत असेल तर तिची एकूण उंची २.५ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. शहरी बागा अरुंद असल्यामुळे बहुतेक खोल्या या अटीत सापडतात. जमिनीपासून १५० मिलीमीटरची मोकळी पोकळी, त्यावर १७५ मिलीमीटरची तळजमीन, आणि वर उतारासह छताची २२५ मिलीमीटर जाडी धरली, तर २,५०० मधून ५५० वजा होऊन आत उभे राहायला १,९५० मिलीमीटरच उरतात, म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावर चार बोटेही राहत नाहीत. त्यामुळे तळात घातलेला उष्णतारोधकाचा प्रत्येक सेंटीमीटर डोक्यावरच्या जागेतून वजा होतो, आणि ‘जितके जाड तितके चांगले’ हा साधा नियम येथे चालत नाही. उंची मोजायची ती बांधकामालगतच्या जमिनीच्या सर्वांत उंच बिंदूपासून, त्यामुळे उताराच्या बागेत थोडा लाभ होतो. सपाट बागेत अनुभवी कारागीर खोलीच्या खालची माती वीतभर उकरून पोकळी तेथे मिळवतात, अर्थात त्या खळग्यात पाणी साचणार नाही याची तजवीज करून.

कायद्याची दुसरी बाजू अशी की, १५ चौरस मीटरपेक्षा कमी क्षेत्राची आणि झोपण्याची सोय नसलेली खोली सामान्यतः बांधकाम-नियमांतूनही मुक्त असते, आणि १५ ते ३० चौरस मीटरपर्यंतची खोलीही ती कुंपणापासून किमान १ मीटर दूर असल्यास किंवा मुख्यतः न जळणाऱ्या सामग्रीची असल्यास मुक्त राहते. विजेच्या कामाला ही सूट नाही. ही मुक्तता मालकाला सोयीची वाटते. तिचा व्यावहारिक अर्थ मात्र असा होतो की पायाचा खड्डा पाहायला कोणताही सरकारी निरीक्षक येत नाही, आणि काँक्रीट पडल्यावर खाली काय आहे ते सांगणारा कोणी उरत नाही. घराच्या पायाबाबत ब्रिटिश यंत्रणा जी काळजी घेते, ती येथे मालकाने स्वतः घ्यायची असते.

ती काळजी मातीपासून सुरू होते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या मोठ्या भागाखाली ‘लंडन क्ले’ नावाची चिकणमाती आहे, जी ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. दख्खनच्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही. बेसॉल्ट झिजून झालेल्या त्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी ओढून घेते, म्हणूनच उन्हाळ्यात शेताला हात जाईल अशा भेगा पडतात आणि जुन्या घरांच्या भिंती तिरप्या तडकतात. लंडनची माती त्या मानाने सौम्य असली, तरी १९७६च्या दुष्काळी उन्हाळ्यात ती इतकी आक्रसली की हजारो घरांना तडे गेले, आणि त्यानंतर अशा मातीत घराचा पाया सुमारे १ मीटर खोल नेण्याचा प्रघात पडला. झाडे या हालचालीत भर घालतात, कारण ओक, विलो आणि पॉप्लर यांसारखी झाडे उन्हाळ्यात मुळांवाटे भरपूर पाणी ओढतात आणि आपल्या भोवतालची माती अधिक खोलवर सुकवतात. जेथे माती चिकण नसून गाळवट किंवा खडूची असते तेथे भीती थंडीची असते: गोठणाऱ्या थरात खालून पाणी ओढले जाऊन बर्फाच्या पातळ चकत्या वाढत जातात आणि वरचा पाया उचलला जातो. यासाठी ब्रिटनमध्ये पायाचा तळ निदान ४५० मिलीमीटर खाली असावा असा संकेत आहे, तर चिकणमातीत तो ७५० मिलीमीटरपेक्षा कमी नसावा असे बांधकाम-नियमांचे मार्गदर्शन सांगते.

येथे एक आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. पॅनेलच्या १ चौरस मीटरचे वजन जाडीनुसार साधारण १७ ते २४ किलो भरते. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलीत भिंती, छत आणि जमीन मिळून ५५ चौरस मीटरच्या आसपास पॅनेल लागते, म्हणजे साधारण ०.९ ते १.३ टन. काचेचे दार, बाहेरचे लाकडी आच्छादन आणि आतले जिप्समचे तक्ते धरून सगळी खोली २ ते २.५ टनांत बसते. त्याच खोलीखाली १५० मिलीमीटर जाडीचा काँक्रीट स्लॅब घातला तर त्याचे घनफळ १.८ घनमीटर आणि वजन ४.३ टन होते. म्हणजे ज्याने खोली उचलायची तोच खोलीच्या जवळजवळ दुप्पट जड. घराच्या पायाच्या सवयीने पाहणाऱ्याला स्लॅबच भक्कम वाटतो, पण इतक्या हलक्या खोलीला जमिनीत रुतण्याचे भय थोडे असते. जमीन एका कोपऱ्यात वर-खाली झाल्याचे आणि वादळी वाऱ्याने खोली उचलली जाण्याचे भय अधिक खरे असते. पाया निवडताना या क्रमाने विचार झाला, तर निवड बरीच सोपी होते.

स्लॅबची पद्धत सर्वांना परिचित आहे. वरची काळी, सेंद्रिय माती पूर्ण काढून टाकायची, कारण ती कुजत आणि दबत राहते. त्या जागी १०० ते १५० मिलीमीटर खडी किंवा विटांचे रोडे धुमसून बसवायचे, ज्याला मराठी मुलखातील बांधकामावर सोलिंग म्हणतात. त्यावर वाळूचा पातळ थर, म्हणजे टोकदार खडीने वरचे प्लास्टिक फाटत नाही. मग ३०० मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा अखंड पडदा, जो जमिनीतली ओल वर येऊ देत नाही. आणि त्यावर जाळीसह १०० ते १५० मिलीमीटर काँक्रीट. ब्रिटनमध्ये या कामी सर्रास वापरली जाणारी ए-१४२ जातीची जाळी ६ मिलीमीटर तारांची, २०० मिलीमीटर अंतराच्या चौकटींची असते, आणि तिच्या नावातील आकडा दर मीटर रुंदीमागे किती चौरस मिलीमीटर पोलाद आहे ते सांगतो. जाळी काँक्रीटच्या पोटात राहावी म्हणून तिच्याखाली ठोकळे ठेवावे लागतात. काँक्रीट ओतल्यावर ती हाताने वर ओढू असे म्हणणारा कंत्राटदार बहुधा तिला तळालाच ठेवून जातो.

स्लॅबचा मोठा गुण स्थिरतेपेक्षा वेगळाच आहे. काही मीटर खोलीवर दक्षिण इंग्लंडमधील जमिनीचे तापमान वर्षभर १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, त्यामुळे जमिनीला टेकलेल्या तळातून हिवाळ्यात उष्णता कमी जाते. उलट खांबांवर उचललेल्या खोलीच्या खालून शून्य अंशाचा वारा वाहत असतो. मात्र हा लाभ मध्यभागाचा असतो. उष्णता पळते ती स्लॅबच्या कडांनी, आणि लहान खोलीत कडच फार असते: १० मीटर चौरस घराला १०० चौरस मीटर क्षेत्रामागे ४० मीटर परीघ असतो, तर ४ बाय ३ मीटरच्या खोलीला १२ चौरस मीटरमागे १४ मीटर, म्हणजे क्षेत्राच्या हिशेबाने जवळजवळ तिप्पट. त्यामुळे स्लॅबवर कितीही जाड फोम अंथरला, तरी भिंतीच्या कडेला फोमची निदान २५ मिलीमीटरची उभी पट्टी लावली नाही, तर खोलीच्या चारी बाजूंनी थंड किनार राहते आणि तिच्यावर बाष्प जमून बुरशी धरते. स्कँडिनेव्हियातील पद्धतीने फोमच्याच तबकात काँक्रीट ओतले, तर कड आणि तळ एकाच अखंड थरात झाकले जातात. सर्वांत निर्दोष म्हणावी अशी ही रीत आहे, फक्त तिचा खर्च बागेतल्या खोलीसाठी अनेकांना झेपत नाही.

दुसरी पद्धत जमिनीत पिळून बसवलेल्या पोलादी स्क्रूंची आहे. जस्ताचा मुलामा दिलेली, खाली निमुळती आणि बाहेरून आटे असलेली ही नळी यंत्राने फिरवत जमिनीत उतरवतात. ती फिरवायला किती जोर लागतो यावरून ती किती भार घेईल याचा अंदाज करतात. माती खणावी लागत नाही, काँक्रीट सुकण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि वादळात खोली वर खेचली गेली तर आटे तिला धरून ठेवतात. वर पाहिलेल्या खोलीत माणसे आणि सामान यांचा दर चौरस मीटरला १५० किलो भार धरला, तरी एकूण ओझे ३.८ ते ४.३ टन होते आणि १२ स्क्रूंवर वाटले तर प्रत्येकी साधारण ३२० ते ३६० किलो येते, जे बऱ्या मातीत जड नाही.

ही कल्पना नवी वाटली, तरी ती जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. तरुणपणीच दृष्टी गमावलेले बेलफास्टचे अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये स्क्रू-पाइलचे पेटंट घेतले, आणि टेम्सच्या मुखाशी मॅपलिन सँड्स येथील सरकत्या वाळूत, जेथे दगडी पाया टिकणेच शक्य नव्हते, त्यांच्या स्क्रूंवर दीपगृह उभे राहिले. हीच युक्ती पुढे मुंबई-बडोदा रेल्वेमार्गावरील पुलांच्या कामी आली. खाडीच्या मऊ गाळात जे लोखंडी पाय आगगाडीचा भार पेलत होते, त्यांचेच धाकटे वंशज आज इंग्लंडच्या हिरवळीत लिहिण्या-वाचण्याची खोली पेलत आहेत.

स्क्रू हा सर्वच दुखण्यांवरचा उपाय आहे असे विक्रेते सांगतात, ते मात्र तितके खरे नाही. आक्रसणाऱ्या मातीत, मोठ्या झाडाजवळ, १ मीटरचा स्क्रू ऋतुमानाने हलणाऱ्या थरातच संपतो आणि त्या थराबरोबर वर-खाली होतो. तेथे अधिक लांब स्क्रू तरी लागतात किंवा नंतर उंची जुळवता येईल अशी शीर्षे तरी. काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने जे कंदासारखा फुगीर तळ असलेले पाइल विकसित केले, त्यांचे तत्त्व हेच होते की पायाचे बूड हलत्या थराखाली अडकवून ठेवावे. झाडाच्या बाजूने पाहिले तर स्क्रूचे पारडे निर्विवाद जड आहे: बांधकामाजवळील झाडांबाबतचे ब्रिटिश मानक खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखून ठेवायला सांगते, म्हणजे अर्धा मीटर जाडीच्या खोडाभोवती ६ मीटर, आणि अशा वर्तुळात स्लॅबसाठी खणणे म्हणजे झाडाचे आयुष्य तोडणे.

तिसरी रीत साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची किंवा प्लास्टिकच्या उंची बदलता येणाऱ्या बैठकांची. सपाट, टणक जमिनीवर आणि लहान खोलीसाठी ती चालते. वाऱ्याने उचलले जाण्याविरुद्ध मात्र तिच्यात काही नाही, आणि पट्टीने खोली जमिनीला बांधावी लागते.

स्क्रू किंवा ठोकळे असले की त्यांच्यावर तळजमिनीची चौकट येते, आणि येथे दोन मार्ग फुटतात. एका मार्गात लाकडी तुळयांवर ४०० मिलीमीटर अंतराने कड्या टाकून, त्यांच्यामध्ये फोमचे तुकडे बसवून, वर २२ मिलीमीटरचा ओलरोधी चिपबोर्ड ठोकतात. दुसऱ्यात भिंतीसारखेच पॅनेल आडवे टाकतात. पहिल्या मार्गात किती उष्णता वाया जाते याची कल्पना सहसा नसते. पॉलियुरेथेनच्या कुळातील चांगल्या फोमची उष्णतावाहकता ०.०२२ आणि लाकडाची ०.१३, म्हणजे लाकूड सुमारे सहापट अधिक उष्णता जाऊ देते. ४७ मिलीमीटर रुंदीच्या कड्या ४०० मिलीमीटरवर असतील, तर जमिनीचा आठवा-नववा भाग लाकडाचा होतो, आणि केवळ तेवढ्याने १०० मिलीमीटर फोमच्या थराचा रोध ४.५ वरून ३च्या खाली उतरतो. फोमचा तिसरा हिस्सा पैसे देऊन वाया जातो, असाच याचा अर्थ. तोच फोम कड्यांच्या वर अखंड अंथरला, किंवा पॅनेलच वापरले, तर तितक्याच जाडीत ०.२ वॅटच्या आसपासचा उष्णतावहन-दर मिळतो, जो नव्या घरांच्या तळासाठी इंग्लंडने ठरवलेल्या ०.१८च्या मर्यादेपासून दूर नाही.

हा दर म्हणजे आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते त्याचे माप. बाहेर ५ आणि आत २० अंश असताना १२ चौरस मीटरच्या चांगल्या जमिनीतून ३६ वॅट जातात. नुसता २२ मिलीमीटरचा तक्ता असेल, तर दर सुमारे २ होऊन ३६० वॅट. विजेच्या बिलाचा प्रश्न त्यात आहेच, पण त्याआधी पायांचा आहे. भिंती आणि छत जाड पॅनेलचे करून जमीन तशीच सोडणे म्हणजे घोंगडी पांघरून पाय उघडे टाकणे होय, आणि बागेतल्या खोलीत बसून लिहिणाऱ्यांना याचा अनुभव जुना आहे: ग्रेट मिसेंडनच्या आपल्या प्रसिद्ध खोपटात रोआल्ड डाल थंडीच्या दिवसांत पाय झोपण्याच्या उबदार पिशवीत घालून लिहायला बसत. बर्नार्ड शॉ यांनी एयॉट सेंट लॉरेन्स येथील आपल्या लेखनकुटीला पायाच न देता ती मध्यभागी आसावर फिरती ठेवली होती, म्हणजे दिवसभर सूर्याकडे तोंड करता येई. ऊब मिळवण्याची ही युक्ती इंग्लंडच्या डिसेंबरात फारशी कामाची नसावी.

आडव्या पॅनेलचा मार्ग उष्णतेच्या दृष्टीने सरस असला, तरी त्याची नाजूक बाजू खाली आहे. खालचा तक्ता जमिनीवरून उठणाऱ्या दमट हवेकडे कायम तोंड करून असतो, सूर्य त्याला कधी दिसत नाही, आणि लाकडातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. त्यामुळे खालच्या बाजूला, वाफ बाहेर सोडणारा पण पाणी आत न घेणारा पडदा ताणून लावणे, पॅनेलच्या प्रत्येक कापलेल्या कडेला बंदिस्त लाकडी पट्टी आणि मस्तकी देणे, आणि खाली वारा आरपार खेळेल अशी निदान १५० मिलीमीटरची पोकळी ठेवणे, या गोष्टी पर्यायी मानू नयेत. पोकळीच्या कडेला बारीक छिद्रांची जस्ती जाळी लावली नाही, तर उंदीर-घुशी तेथे वस्तीला येतात आणि फोम कुरतडून त्यात बिळे करतात; एकदा त्यांनी घर केले की जमीन उचकटल्याशिवाय ती निघत नाहीत.

वाफेचा पडदा कोणत्या बाजूला असावा याचा गोंधळही येथेच होतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात आत ऊब आणि माणसांच्या श्वासाची दमट हवा असते, बाहेर थंड. वाफ आतून बाहेर जाऊ पाहते आणि वाटेत थंड थर भेटला की त्याच्यावर पाणी होऊन बसते. म्हणून वाफ अडवणारे पॉलिथिन उष्णतारोधकाच्या वर, म्हणजे आतल्या उबदार अंगाला घालतात. मुंबईत पावसाळ्यात वातानुकूलन चालू ठेवलेल्या खोलीत हीच वाट उलट होते आणि दमट उष्ण हवा बाहेरून आत शिरू पाहते. त्यामुळे ब्रिटिश आराखडा जसाच्या तसा उचलून कोकणपट्टीत पॅनेलची खोली उभारणे धोक्याचे ठरेल. स्लॅबच्या बाबतीत आणखी एक पाणी हिशेबात धरावे लागते, ते काँक्रीटच्या पोटातले. काँक्रीट सुकण्याचा ढोबळ आडाखा मिलीमीटरमागे एक दिवस असा आहे, जाड थराला त्याहून अधिक. म्हणजे १५० मिलीमीटरचा स्लॅब सुकायला पाच महिन्यांहून जास्त काळ लागतो, आणि इतके कोणी थांबत नाही. उपाय म्हणून स्लॅबवर पॉलिथिनचा आणखी एक पडदा अंथरून मग फोम आणि त्यावर न ठोकता नुसता एकमेकांत अडकवलेला चिपबोर्ड टाकतात, ज्याला तरंगती जमीन म्हणतात.

भिंत आणि तळ यांची गाठ पडते ती तळपट्टीवर. औषध-प्रक्रिया केलेल्या लाकडाची ही पट्टी ओलरोधक पट्ट्यावर ठेवून पायाला बोल्टने आवळतात, आणि पॅनेलच्या खालच्या कडेचा फोम कोरून केलेल्या खाचेत ती बसते. सगळ्या कामातील अचूकतेची परीक्षा या पट्टीवर होते. ४ बाय ३ मीटरच्या खोलीत कर्ण बरोबर ५ मीटर आला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे निघाले तरच कोपरे गुण्यात आहेत असे समजावे. पाणसळ धरून ४ मीटरला १० मिलीमीटरचा उतार निघाला, तर २.४ मीटर उंच भिंत वर ६ मिलीमीटर कलते. मध्येच उंचवटा असेल, तर शेजारच्या दोन पॅनेलांचा सांधा वरच्या टोकाला फाकतो, आणि फाकलेल्या सांध्यातून जाणारी दमट हवा पुढे तक्ते कुजवते. स्लॅब वाकडा असेल, तर पट्टीखाली न आक्रसणारा मसाला भरून ती पाण्यात आणायची. पॅनेल ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडायचे नाही.

या पट्टीची उंची बाहेरच्या जमिनीपासून निदान १५० मिलीमीटर असावी, हा ब्रिटिश बांधकामातील सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम आहे. पाऊस जमिनीवर आपटून जे शिंतोडे उडवतो ते मुख्यतः या उंचीपर्यंत पोचतात. कोकणातले घर उंच जोत्यावर चढवण्यामागेही एक कारण हेच. मात्र स्लॅबच्या बाबतीत हा नियम मोडायला दुसरी, अधिक साळसूद वाट आहे. स्लॅब खोलीपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठा ओतला की काम सोपे जाते आणि वर बसायला कट्टाही मिळतो. पण भिंतीवरून ओघळलेले पाणी त्या कट्ट्यावर साचते आणि तळपट्टीखालून आत सरकते. स्लॅबची कड भिंतीच्या बाहेरच्या अंगाच्या रेषेत, शक्य तर तिच्याहून १० मिलीमीटर आत असली पाहिजे, म्हणजे बाहेरचे आच्छादन कडेच्या खाली लोंबते आणि पाणी थेट जमिनीवर ठिबकते. आच्छादन आणि पॅनेल यांमध्ये वारा खेळण्यासाठी ठेवलेली पोकळी खाली उघडी आणि जाळीबंद हवी.

वीज, इंटरनेट आणि असल्यास पाणी यांच्या तारा व नळ्या स्लॅब ओतण्यापूर्वीच वक्राकार नळीतून आत आणून ठेवाव्या लागतात. नंतर पॉलिथिनच्या पडद्याला भोक पाडून आणलेली तार त्या भोकातून ओलही आणते. उचललेल्या जमिनीत हे काम सोपे असते, पण खालच्या थंड पोकळीतून जाणारी पाण्याची नळी गोठू नये म्हणून तिला वेगळे वेष्टन लागते. आणि खोली पुरी होऊन दोन-तीन वर्षे गेली, की मालक बागेची नवी आखणी करतो, दाराशी पायरी नको म्हणून फरशी वर आणतो किंवा भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा भरतो. तेव्हा १५० मिलीमीटरची ती उंची मातीखाली जाते आणि खालच्या पोकळीची जाळी पानांनी बुजते. त्यामुळे जाणते बांधकाम करणारे खोलीभोवती फूटभर रुंदीची खडीची पट्टी घालून देतात, जी पाणी जिरवते, शिंतोडे कमी करते आणि वाफ्याला भिंतीपासून दूर ठेवते.